स्नायुतंतूंतील विकरे आणि स्नायुक्षय : एका संशोधनपरंपरेचा ऐतिहासिक आढावा (बडोदे, कोल्हापूर व मुंबई येथील कार्याच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

कोल्हापूरच्या सांस्कृतिक इतिहासात स्नायूंच्या बळाला जेवढे मानाचे स्थान आहे, तेवढे महाराष्ट्रातील अन्य कोणत्याही शहरात क्वचितच असेल. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला दिलेला राजाश्रय, १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान, पेठापेठांतील तालमी आणि तेथील लाल माती यांमुळे भरदार पोटऱ्या आणि पीळदार दंड हे येथे आरोग्याचे लक्षण मानले गेले. परंतु वैद्यकशास्त्रास असा एक रोग ज्ञात आहे की, ज्यात चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या मल्लासारख्या भरलेल्या दिसतात. मात्र तो मुलगा जिना चढू शकत नाही आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकून उठतो. पोटरीचा तो फुगीरपणा मुख्यतः मेद व संयोजी ऊतींचा असतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक रोगसमूहापैकी हा 'ड्यूशेन' प्रकार होय. मराठीत या समूहास ढोबळपणे स्नायुक्षय म्हटले जाते व प्रस्तुत लेखात तीच संज्ञा योजली आहे. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार नवजात मुलग्यांमागे एकास हा ड्यूशेन प्रकार आढळतो.

या रोगाचा शोध जसा वैद्यांनी घेतला तसा जीवरसायनशास्त्रज्ञांनी आणि प्राणिशास्त्रज्ञांनीही घेतला. स्नायुतंतूंमधील विकरे, म्हणजेच एंझाइमे, हे त्यांचे साधन होते. विकरांचे प्रमाण कमी-अधिक का होते, या प्रश्नाभोवती सुमारे पाऊण शतक संशोधन फिरत राहिले.

२. लेखाचा उद्देश व व्याप्ती

प्रस्तुत लेखाचे उद्देश तीन आहेत.
(अ) रोगग्रस्त स्नायुतंतूंतील विकरांच्या अभ्यासाचा जागतिक पातळीवरील क्रम थोडक्यात मांडणे.
(ब) बडोदे, कोल्हापूर आणि मुंबई येथील संबंधित कार्याचे त्या क्रमातील स्थान निश्चित करणे.
(क) या इतिहासातून आजच्या निदानाच्या व्यवहारास मिळणारा बोध स्पष्ट करणे.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, विकराचे प्रमाण 'किती' या प्रश्नापेक्षा ते विकर 'कोठे' आहे आणि 'कशामुळे' तेथे आहे, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरला. स्नायुक्षयातील विकरे तीन अवस्थांत आढळतात : तंतूबाहेर सांडलेली, तंतूतच आपल्या जागेवरून ढळलेली आणि मुळातच सदोष असलेली. या तीन अवस्थांतील भेद उमगण्यास १९४९ ते १९९५ असा दीर्घ काळ लागला.

३. पूर्वपीठिका : तंतूचे आवरण आणि त्यातील द्रव्य

इंग्लंडमधील एडवर्ड मेरियन यांनी १८५१-५२ मध्ये एकाच कुटुंबातील अनेक मुलग्यांना झालेला हा रोग वर्णन केला. मज्जारज्जू निरोगी असून स्नायुतंतूंचे आवरणच नष्ट झाले आहे, असे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. फ्रान्समधील ड्यूशेन यांनी १८६८ मध्ये अनेक रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढण्याचे उपकरणही त्यांनीच बनविले होते. गॉवर्स यांनी १८७९ मध्ये, मांड्यांवर हात टेकून उठण्याच्या लक्षणाचे वर्णन केले. मेरियन यांचे आवरणाविषयीचे निरीक्षण त्यानंतर जवळजवळ शतकभर उपेक्षित राहिले, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संशोधकांचे लक्ष तंतूच्या आवरणाकडून आतील रसायनांकडे वळले. १९३१ मध्ये गोएट्श आणि पापेनहाइमर यांनी विशिष्ट आहारावर ठेवलेल्या गिनीपिग व सशांमध्ये स्नायूंचा ऱ्हास घडवून आणला. पुढे तो ई जीवनसत्त्वाच्या अभावाशी जोडला गेला. त्यामुळे मानवी रोगही चयापचयातील एखाद्या उणिवेमुळे होत असावा, अशी आशा निर्माण झाली. उणीव सापडली की उपचार सापडेल, हा त्या आशेचा गाभा होता.

४. सांडलेली विकरे : अल्डोलेज ते क्रिएटिन कायनेज

१९४९ मध्ये सिब्ली व लेनिंजर यांनी सीरममधील अल्डोलेज या विकराचे मापन केले. त्यात स्नायुक्षयाच्या रुग्णांत हे विकर वाढलेले आढळले. १९५३ मध्ये पॅरिसमधील शापिरा आणि ड्रेफ्युस यांच्या गटाने हे निरीक्षण पद्धतशीरपणे सिद्ध केले. रक्तात अल्डोलेज वाढते, परंतु रोगग्रस्त स्नायूत ते घटते, असे त्यांना दिसले. १९५९ मध्ये टोकियो येथील सेत्सुरो एबाशी व सहकाऱ्यांनी क्रिएटिन कायनेज या विकराची सीरममधील वाढ दाखविली. क्रिएटिन फॉस्फेटपासून एटीपी तयार करून स्नायूस तत्काळ ऊर्जा पुरविणे हे या विकराचे कार्य आहे. ते मुख्यत्वे स्नायूंत असल्याने त्याची रक्तातील वाढ स्नायूंच्या हानीची अधिक विश्वसनीय खूण ठरली. निरोगी व्यक्तीत सामान्यतः दोनशे एककांच्या आसपास किंवा त्याखाली असणारे हे प्रमाण ड्यूशेन प्रकारात हजारोंच्या घरात जाते. कित्येकदा ते वीस हजारांच्याही पुढे असते.

या शोधाने निदानास मोठी मदत झाली, पण कार्यकारणभावाचा गोंधळही वाढविला. स्नायूत घट आणि रक्तात वाढ हे दृश्य दोन प्रकारे वाचता येत होते. विकर तयारच कमी होते म्हणून तंतू मरतो, असे एक वाचन. तंतूचे आवरण फाटते म्हणून विकर बाहेर जाते, असे दुसरे. पहिल्या वाचनाला एका गणिती भ्रमाचा आधार मिळत होता. विकराचे प्रमाण दर ग्रॅम स्नायूमागे काढले जाई. रोगग्रस्त स्नायूचा अर्धा भाग मेदाने व्यापलेला असेल, तर उरलेले तंतू पूर्णपणे निरोगी असूनही दर ग्रॅमचा आकडा निम्म्यावर येणार, हे उघड आहे. म्हणून पुढे कोलॅजेन वगळून उरणाऱ्या प्रथिनाच्या प्रमाणात विकर मोजण्याचा आग्रह धरला गेला. छेद कोणता हे ठरविल्याशिवाय अपूर्णांकाला अर्थ नसतो, हा धडा अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अभ्यासकांनाही अपरिचित नाही.

सर्वच विकरे घटत नव्हती. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज आणि लयकारिकांमधील प्रथिनपाचक विकरे रोगग्रस्त स्नायूत वाढलेली आढळली. १९६२ मध्ये टॅपेल व सहकाऱ्यांनी आनुवंशिक स्नायुक्षय झालेल्या प्राण्यांत लयकारिकांतील विकरांची वाढ नोंदविली. त्याच वर्षी वीमे व हेर्पोल यांनी लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या समविकरांचा आकृतिबंध बदलतो, असे दाखविले. प्रौढ स्नायूत विपुल असणारे पाचवे समविकर घटून एकूण आकृतिबंध गर्भावस्थेतील स्नायूसारखा दिसत होता. म्हणजे केवळ ऱ्हास नव्हे, तर पुनर्निर्मितीची धडपडही त्या विकरांत उमटत होती.

५. बडोदे : दोन प्रकारचे तंतू

स्नायू कुटून काढलेल्या अर्कात सर्व तंतू एकत्र होतात. कोणत्या तंतूत कोणते विकर आहे, हे पाहण्यासाठी ऊतिरसायनशास्त्राची पद्धत आवश्यक होती. गोठविलेल्या स्नायूचा अत्यंत पातळ छेद घेऊन त्यावर योग्य अभिकारके टाकली की विकर जेथे कार्यरत असेल तेथेच रंग उमटतो. उदाहरणार्थ, सक्सिनिक डिहायड्रोजिनेज असलेल्या जागी टेट्राझोलियम लवणापासून निळे कण तयार होतात.

मराठी राज्यकर्त्यांच्या बडोद्यात १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. जे. सी. जॉर्ज यांनी ही पद्धत पक्ष्यांच्या उड्डाणस्नायूंच्या अभ्यासासाठी वापरली. जॉर्ज आणि आर. एम. नाईक यांनी १९५८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कबुतराच्या छातीच्या स्नायूतील दोन प्रकारच्या तंतूंविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले. अरुंद लाल तंतूंत तंतुकणिका व मेद विपुल, तर रुंद पांढऱ्या तंतूंत ग्लायकोजेनचा साठा, असा स्पष्ट भेद त्यांनी दाखविला. मानवी स्नायूतील ऑक्सिडीकारक विकरे आणि फॉस्फोरिलेज यांचा परस्परविरुद्ध संबंध दाखविणारे डुबोविट्झ व पीअर्स यांचे सुप्रसिद्ध कार्य १९६० चे आहे, हे लक्षात घेतल्यास बडोद्याच्या कार्याचे कालक्रमातील स्थान स्पष्ट होते. जॉर्ज व बर्जर यांचा 'एव्हियन मायॉलॉजी' हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जॉर्ज कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात गेले.

कबुतराचा आणि आजारी मुलाचा संबंध काय, असा प्रश्न येथे उद्भवू शकतो. त्याचे उत्तर तंतूंच्या प्रकारभेदात आहे. अमेरिकेत १९५६ मध्ये आस्मुंडसन व ज्युलियन यांनी कोंबड्यांतील आनुवंशिक स्नायुक्षय वर्णन केला. त्यात छातीचे पांढरे तंतू विशेषेकरून बाधित होतात. ड्यूशेन प्रकारातही द्रुतगती तंतू आधी नष्ट होतात, असे १९८८ मध्ये वेबस्टर व सहकाऱ्यांनी दाखविले. सर्व तंतूंत जनुकीय दोष एकच असूनही त्यांचे भवितव्य भिन्न का, हा प्रश्न विचारण्यासाठी तंतूंचे वर्गीकरण आधी सिद्ध व्हावे लागले. ते वर्गीकरण घडविण्यात बडोद्याचा वाटा आहे.

६. कोल्हापूर : शेपटीचा धडा

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. तेथील प्राणिशास्त्र विभागात ए. टी. वरुटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ऊतिरसायनशास्त्राची परंपरा रुजविली. बेडूक, मृदुकाय प्राणी व कोंबडीची पिल्ले यांच्या ऊतींतील विकरे आणि लयकारिकांतील पाचक द्रव्ये हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. बेडकाच्या पिल्लांतील, म्हणजे टॅडपोलमधील, वाढ व रूपांतरण या काळात मेदद्रव्यांत होणारे बदल सावंत व वरुटे यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. यातील कोणताही विषय मानवी स्नायुक्षयाचा नव्हता. तरीही प्रस्तुत विवेचनात या परंपरेचा उल्लेख करण्यास सबळ कारण आहे.

टॅडपोलचा बेडूक होताना शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही. तिच्यातील स्नायुतंतू लयकारिकांतील विकरांच्या साहाय्याने पचविले जातात. स्नायुक्षयात वाढलेल्या प्रथिनपाचक विकरांचा वर्ग हाच आहे. परंतु शेपटीत ती विकरे नियत वेळी, संप्रेरकाच्या आदेशानुसार आणि प्राण्याच्या हितासाठी कार्य करतात. याचा अर्थ असा की, पाचक विकरे वाढली एवढ्यावरून ती रोगाचे मूळ ठरत नाहीत. रोगग्रस्त स्नायूत मृत तंतूंची विल्हेवाट लावण्यासाठी भक्षक पेशी येतात व त्या आपली विकरे बरोबर आणतात. वाढलेल्या आकड्यात स्नायूचा वाटा किती आणि या सफाई करणाऱ्या पेशींचा किती, हे अर्कावरून समजत नाही, छेदावरून समजते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठात बेडकावर शिकविली जाणारी ही पद्धत म्हणूनच जागतिक प्रश्नापासून दूर नव्हती.

या पद्धतीची एक व्यावहारिक मर्यादाही नमूद केली पाहिजे. स्नायूचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकला की रचना टिकते, पण बहुतेक विकरांची क्रिया नष्ट होते. त्यासाठी नमुना ताजा असतानाच द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने गोठवावा लागतो. त्यामुळे मोठ्या शहराबाहेरील रुग्णाच्या बाबतीत स्नायूंतील विकरांचा अभ्यास दीर्घकाळ दुर्लभ राहिला आणि रक्तातील विकरांची तपासणी हाच प्रमुख आधार ठरला.

७. मुंबई : मज्जातंतूंचा तर्क आणि त्याचा निरास

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दराब दस्तूर यांनी मज्जाविकृतिशास्त्राचे केंद्र उभारले. कुष्ठरोग, कुपोषण व अन्य विकारांत स्नायू आणि मज्जातंतू यांच्यात होणाऱ्या बदलांवरील त्यांचे कार्य आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता पावले. १९७३ मध्ये दस्तूर व रझाक यांनी स्नायुक्षयग्रस्त स्नायूतील बदल मज्जातंतू तुटल्यावर होणाऱ्या बदलांशी मिळतेजुळते आहेत, असे दाखवून या रोगात मज्जातंतूंचाही वाटा असण्याची शक्यता मांडली. त्याच सुमारास मॅकोमास यांनीही विद्युत्-मापनाच्या आधारे असाच तर्क पुढे केला होता. तंतूंचा प्रकार व त्यातील विकरे मज्जातंतूच्या नियंत्रणाखाली असतात, हे तोवर सिद्ध झालेले असल्याने हा तर्क असंगत नव्हता.

तथापि १९७५ मध्ये मोक्री व एंगेल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ड्यूशेन प्रकारातील तंतूंच्या पेशीपटलात खंड पडलेले दाखविले. १९८६ मध्ये संबंधित जनुक सापडले व १९८७ मध्ये हॉफमन, ब्राउन व कुंकेल यांनी डिस्ट्रॉफिन हे प्रथिन ओळखले. हे प्रथिन विकर नव्हते. ते पेशीपटलास आतून आधार देणारे प्रथिन होते. मेरियन यांचे निरीक्षण अशा रीतीने सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी सार्थ ठरले. अल्डोलेज व क्रिएटिन कायनेज ही कारणे नव्हती; ती फुटलेल्या भांड्यातून सांडलेली द्रव्ये होती.

८. ढळलेली व सदोष विकरे

विकरांचे महत्त्व मात्र येथे संपले नाही. १९९५ या वर्षी दोन महत्त्वाचे शोध प्रसिद्ध झाले. पहिला नायट्रिक ऑक्साइड सिंथेज या विकराविषयीचा होय. हे विकर निरोगी तंतूत डिस्ट्रॉफिन-समूहाशी संलग्न होऊन पेशीपटलालगत असते. ब्रेनमन व सहकाऱ्यांनी दाखविले की, डिस्ट्रॉफिन नसेल तर ते आपल्या जागेवरून ढळते. परिणामी श्रम करणाऱ्या स्नायूतील रक्तवाहिन्या पुरेशा विस्फारत नाहीत. येथे विकराचे जनुक निर्दोष असते. विकराने केवळ आपले स्थान गमावलेले असते.

दुसरा शोध रिशार व सहकाऱ्यांचा. कंबर व खांद्याच्या स्नायूंना ग्रासणाऱ्या एका प्रकारच्या स्नायुक्षयात कॅल्पेन-३ या प्रथिनपाचक विकराचे जनुकच सदोष असते, असे त्यांनी सिद्ध केले. चार दशकांपूर्वीची 'विकरातील दोष हेच मूळ' ही कल्पना ड्यूशेन प्रकारापुरती चुकीची ठरली असली, तरी रोगसमूहातील एका शाखेत ती खरी निघाली.

या शाखेचा धागा पुन्हा मुंबईशी जुळतो. २०१३ मध्ये अंकला, दस्तूर, गायतोंडे, खाडिलकर, हेगडे व सहकाऱ्यांनी भारतातील अगरवाल समाजात कॅल्पेन-३ च्या जनुकातील दोन संस्थापक उत्परिवर्तने आढळत असल्याचे प्रसिद्ध केले. समाजांतर्गत विवाहांच्या प्रदीर्घ परंपरेमुळे एखाद्या पूर्वजातील बदल अनेक कुटुंबांत पसरतो. हा रोग अप्रभावी पद्धतीने संक्रमित होत असल्याने दोन्ही पालक निरोगी वाहक असू शकतात. विकराचा इतिहास येथे समाजाच्या इतिहासात मिसळतो. कॅल्पेन-३ च्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आढळली : काही रुग्णांत या प्रथिनाचे प्रमाण सर्वसामान्य असते, पण त्याची क्रिया नष्ट झालेली असते. प्रथिन असणे आणि विकर कार्यरत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

९. निदानाच्या व्यवहारातील महत्त्व

हा इतिहास केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. एसजीओटी व एसजीपीटी ही विकरे सर्वसाधारणपणे यकृताची मानली जातात. पण ती स्नायूंतही असतात. त्यामुळे स्नायुक्षयाच्या मुलाच्या रक्तात ती वाढलेली आढळली की त्याला यकृतविकाराचा रुग्ण समजून महिनोन्‌महिने तपासण्या होत राहतात, हा प्रमाद जगभरच्या वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदविला गेला आहे. अशा वेळी क्रिएटिन कायनेजची एक साधी चाचणी दिशा बदलू शकते. उलट, मुलाचे वय वाढते तसे क्रिएटिन कायनेजचे प्रमाण उतरू लागते. पालकांना ती सुधारणा वाटते. वस्तुतः विकर सांडण्यासाठी लागणारा स्नायूच कमी उरलेला असतो.

विलंबाची किंमत कुटुंब मोजते. ड्यूशेन प्रकाराचे निदान बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षी होते. तोवर पुष्कळदा दुसरे अपत्य जन्मास आलेले असते. या प्रकारातील वाहक मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश मातांतच क्रिएटिन कायनेज वाढलेले आढळते. म्हणून मातेचा आकडा सामान्य आला तरी ती वाहक नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी जनुकीय चाचणीच आवश्यक असते.

उपचारांतही विकरे पुन्हा केंद्रस्थानी येत आहेत. डिस्ट्रॉफिनच्या अभावी हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज या वर्गातील विकरांची क्रिया वाढते. ती रोखणाऱ्या गिव्हिनोस्टॅट या औषधास अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये, सहा वर्षे व त्यावरील ड्यूशेन रुग्णांसाठी, मान्यता मिळाली. हे औषध रोग समूळ नाहीसा करीत नाही. आपल्याकडे दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्नायुक्षयाचा स्वतंत्र समावेश झाला. राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरण, २०२१ मध्ये ड्यूशेन प्रकार समाविष्ट असून, या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा अंतर्भाव आहे.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.
(१) स्नायुक्षयातील विकरांच्या अभ्यासाने प्रारंभी परिणामास कारण मानले. परंतु त्याच अभ्यासाने मोजण्याच्या पद्धती काटेकोर केल्या आणि आपली चूक स्वतःच दुरुस्त केली.
(२) बडोदे व कोल्हापूर येथील प्राणिशास्त्रीय कार्य रोगाभिमुख नसूनही, तंतूंचा प्रकारभेद आणि विकराचे स्थान पाहण्याची दृष्टी रुजविण्यात त्याचा वाटा आहे. तात्काळ उपयुक्ततेच्या निकषावर मूलभूत संशोधनाचे मूल्यमापन करणाऱ्यांनी याचा विचार करावा.
(३) दस्तूर व रझाक यांचा १९७३ मधील तर्क ड्यूशेन प्रकारापुरता टिकला नाही. तथापि काळजीपूर्वक केलेली निरीक्षणे तर्क बाद झाल्यावरही उपयोगी राहतात.
(४) रक्तातील विकराचा आकडा हा स्रोत, वय व स्नायूंचे उरलेले वस्तुमान यांच्या संदर्भाविना वाचणे धोक्याचे आहे.

या शेवटच्या निष्कर्षाचा संबंध आपल्या महाविद्यालयांशीही येतो. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राचे आपले पदवीधर पुढे गावोगावच्या निदान-प्रयोगशाळांत काम करतात. एसजीपीटी वाढलेल्या, सतत पडणाऱ्या लहान मुलाचा अहवाल त्यांच्यासमोर येईल, तेव्हा हे विकर यकृताबाहेरही असते एवढे त्यांना स्मरले आणि त्यांनी संबंधित डॉक्टरांच्या ते निदर्शनास आणून दिले, तर वर्गात शिकविलेला विकरांचा धडा एखाद्या कुटुंबाच्या कामी आला असे म्हणता येईल.